मुंबईला नेलेला नारळ

मुंबईहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, राणीची बाग पाहिलीत का, समुद्र पाहिलात का. समुद्र पाहिला, तोही दोन इमारतींच्या फटीतून. राणीच्या बागेवरून ट्राम गेली, तेव्हा माझ्या खिडकीत एका धिप्पाड गृहस्थांची पाठ होती. बाकी माझी मुंबई म्हणजे लालबागची एक खोली, गिरगावातलं एक पुस्तकांचं दुकान आणि शिवाजी पार्कजवळचं एक घर. एवढ्यावर कोणी प्रवासवर्णन लिहीत नाही, हे मला कळतं. पण तीच हकीकत माणसागणिक तोंडी सांगून मी कंटाळले आहे. शिवाय तोंडी सांगताना ती दर वेळी थोडी गोड करावीशी वाटते. लिहून ठेवली म्हणजे एकदाच काय ते खरं सांगून होईल.

आमचं गाव मोहगाळी. बेळगावच्या खाली, खानापूरच्या रानाला लागून. मी इथल्या शाळेत मास्तरीण आहे आणि संध्याकाळी देवळाशेजारच्या खोलीतलं वाचनालय उघडते. राज्यांच्या नव्या हद्दी पडल्या आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हापासून वाचनालयात माणसं कमी होत गेली. ज्या वेळेला मी कुलूप काढते त्याच वेळेला तरुण मुलं कानडी शिकायला जातात. त्यांना नोकऱ्या हव्यात, त्यांना मी दोष देत नाही. शिकवणारे कानडी मास्तरही भले गृहस्थ आहेत, उलट तेच माझ्याकडून नेमानं पुस्तकं नेतात. पण वाचनालय एका मास्तरांवर चालत नाही.

फाल्गुनात पंचायतीत विषय निघाला की ती खोली कोरडी आहे आणि सोसायटीला खताची पोती ठेवायला जागा नाही. मी भांडले. माझं भांडण गावाला नवं नाही, पण या वेळी मी उठेचना. शेवटी पाटील म्हणाले, "अक्षय तृतीयेला वाचनालयाचा वाढदिवस असतोय न्हवं? औंदा दत्ता मोहगाळकरला अध्यक्ष म्हणून आणा. आला तर खोली तुमची. न्हाई आला तर किल्ली सोसायटीला द्या." मला वाटेला लावायला ते म्हणाले, हे मलाही कळलं. तरी मी "आणते" म्हणून बसले.

दत्ता मोहगाळकर म्हणजे आमचाच दत्तू. लहानपणी मुंबईला गेला आणि मोठा कादंबरीकार झाला. त्याच्या प्रत्येक पुस्तकात आमचं गाव आहे, फक्त नाव बदललेलं. आमची विहीर, आमचं रान, आमची भांडणं, सगळं आहे. स्वतः मात्र तो गेल्यापासून परत आला नव्हता.

आणि जनाक्का. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण मुंबईला गेले मी, पण पाठवलं तिनं. जनाक्काचा एकुलता एक मुलगा गोविंदा लालबागच्या गिरणीत होता. सुटीवर आला की रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतलं एखादं घेऊन यायचा आणि वाचनालयाला द्यायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, गिरगावात, त्याला गोळी लागली. जनाक्काला अक्षर येत नाही. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी ती वाचनालयात येते, गोविंदाची पुस्तकं आहेत त्या कपाटाला टेकून बसते आणि वाती वळते. खोली जाणार हे तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "दत्तूला बोलवा, बाई. खुर्चीत बसून त्यानं एकदा माझ्या गोविंदाचं नाव घेऊ दे. मग खोलीचं काय करायचं ते करा." आणि आपल्या परसातल्या झाडाचा एक नारळ तिनं माझ्या हातात ठेवला.

आमच्याकडे बोलावणं कागदावर होत नाही. नारळ देवीपुढे ठेवायचा, शेंडीला हळदकुंकू लावायचं आणि ज्याला बोलवायचं त्याच्या हातात देऊन म्हणायचं, "गावाचं बोलावणं आहे, घ्यावं." त्यानं दोन्ही हातांनी घेतला की तो बांधला गेला. मग तो नारळ आपल्या देवाजवळ ठेवतो, येताना बरोबर आणतो आणि गावात पाय ठेवल्यावर देवीसमोर फोडतो. यायचं नसेल तर नारळाला हात न लावता हात जोडतो, त्याचा कोणी राग धरत नाही. नारळ घेऊन न आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

लालबाग

दादरला उतरले तर माझा मावसभाऊ तुकाराम न्यायला आला होता. त्यानं माझी ट्रंक घेतली आणि पंच्यात गुंडाळलेल्या नारळालाही हात घातला. तो मी दिला नाही.

"अक्का, इथं नारळ मिळतात की," तो म्हणाला. "पूरा बाजार भरलाय."

"हा मिळत नाही," मी म्हणाले. मग जनाक्काचं सांगितलं. त्यावर त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली आणि गर्दीत माझ्यासाठी वाट काढत पुढे चालू लागला.

तुकाची खोली चाळीच्या वरच्या मजल्यावर. तो, त्याची बायको रखमा आणि जेवायला येणारे आमच्या भागातले गिरणीकामगार. रखमा त्यांची खानावळ चालवते. एक पाळी जेवून उठते तोवर दुसरी हात धुऊन दारात उभी. खोलीत सतत कोणीतरी झोपलेलं असतं आणि सतत कोणीतरी जेवत असतं. आपल्या घरात जेवताना कोणी पाय ओलांडून गेलं तर आपण ताटावरून उठू. इथे मी पहिल्याच दिवशी दोन झोपलेल्या माणसांच्या मधे बसून आमटीभात खाल्ला. आमटी झकास होती. तांदळाला मात्र कसलाच वास नव्हता. आमच्याकडे भात शिजला की शेजारच्या घरात कळतं. रखमाला तसं म्हणाले तर ती म्हणाली, "मी बी विसरले आता तो वास."

भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या ओळीत शेवटचा फोटो गोविंदाचा होता. गिरणीच्या पासावरचाच मोठा करून घेतलेला, त्यामुळे तो फारच दचकलेला दिसत होता. खाली एक पणती. जेवायला बसणारे सगळे त्या भिंतीकडे तोंड करून बसत. जागाच तेवढी होती म्हणून बसत असतील, पण मला ते बघवेना.

संध्याकाळी पाळीवरून आलेले लोक नव्या राज्याबद्दल बोलत होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार हे ठरलं होतं. चाळीत दिवे कसे लावायचे, पेढे कुठून आणायचे, वर्गणी कोणी जमवायची, यावर मोठा खल चालला होता. आमच्याच तालुक्यातला एक जण ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आपलं गाव कधी येणार, तुकादा?"

"येईल रे," तुका म्हणाला. "पहिली मुंबई हातात येऊ दे."

"मुंबई आली की."

तुकानं त्याला आणखी भात वाढायला सांगितलं. मग पेढ्यांचा विषयही कोणी पुन्हा काढला नाही.

मी तुकाला विचारलं, दत्ता मोहगाळकर कुठे भेटेल. तो म्हणाला, पाडव्याला गिरगावातल्या एका पुस्तकांच्या दुकानात त्याचं वाचन आहे. खोलीतले दोघेचौघे जाणारच होते. गोविंदा असल्यापासून त्यांना ती सवय होती.

पाडवा, गिरगाव

पाडव्याला न्हायचं म्हणून मी पहाटे उठले आणि तरीही उशीर झाला. चाळीतला नळ आमच्या विहिरीसारखा बिचारा नाही, तो आपल्या वेळेला येतो आणि जातो. डोक्याला तेल थापून मी रिकाम्या नळापुढे उभी होते. शेजारच्या मालवणी बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपली बादली पुढे सरकवली. "घे गो बाय, ह्यातला घे. माका अर्ध्यात भागता." अर्ध्या बादलीत तेल गेलं नाही. त्या दिवशी मुंबईच्या साहित्यिक मंडळींनी मला पाहिलं ते चपचपीत डोक्यानं.

ट्राममधून उतरून थोडं चालायचं होतं. एका वळणावर तुका थांबला. उसाच्या रसाचं दुकान होतं, वर कागदी पताका, चरकाला घुंगरं बांधलेली. तुका म्हणाला, "इथं." एवढंच. बरोबरच्या लोकांनी टोप्या काढल्या आणि परत घातल्या. रसवाल्याला वाटलं आम्हाला रस हवा आहे, तो फडकं मारून बाकडं पुसायला लागला. मी नारळ छातीशी धरून उभी राहिले. इतकी वर्षं जनाक्काच्या तोंडून "गिरगाव" ऐकताना मी तिथे काय काय डोळ्यांसमोर आणलं होतं, पण उसाचा रस आणला नव्हता.

पुस्तकांच्या दुकानाचे मालक अभ्यंकर. पन्नाशीचे, गोरे, धोतराचा सोगा खोचलेला, बोलणं इतकं भरभर की वाक्याचा शेवट आपण ओळखून घ्यायचा. पण माणूस हौशी आणि मनाचा चांगला. नवं राज्य येणार म्हणून त्यांनी मुलखामुलखाच्या पुस्तकांचा उत्सव मांडला होता. कपाटांवर पाट्या लावलेल्या: कोकण, वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा, देश. आमच्या वाचनालयात आल्या असत्या तर वर्षभर पुरल्या असत्या इतक्या नव्या कोऱ्या कादंबऱ्या एकेका फळीवर. मी वास घेऊन आले. तसं करणारी मी एकटीच नव्हते, एक पेन्शनर आजोबाही करत होते.

दर्शनी काचेत तर त्यांनी पुस्तकांचा महाराष्ट्रच उभा केला होता. समुद्राच्या बाजूला कोकणातले लेखक, वर नागपूरकडचे, मधे गोदावरीच्या काठचे. लोक थांबून आपापलं गाव शोधत होते. मीही शोधलं. कोल्हापूरच्या जागी दत्ता मोहगाळकरची कादंबरी उभी होती आणि तिच्याखाली लाकडाची चौकट.

"मोहगाळकर कोल्हापूरचे नव्हेत," मी अभ्यंकरांना म्हटलं. "खानापूरचे."

"माहिती आहे हो, माहिती आहे," ते म्हणाले. "पण त्याच्याखाली फळी संपते, बाई. काचेला जागाच तेवढी." ते अगदी मनापासून म्हणाले. मला राग येण्यासारखं त्यांच्या तोंडावर काही नव्हतं, म्हणून राग तसाच पोटात राहिला.

दुकान लहान. आतल्या खुर्च्यांवर गिरगावकर मंडळी बसली, आमचे लालबागचे लोक फुटपाथवर उभे राहिले. मला तुकानं पुढे घुसवलं. दत्ता मोहगाळकर आला. मी त्याला दत्तू म्हणून मनात घेऊन गेले होते, पण समोर पांढरा कोट, जाड चष्मा आणि मागे वळवलेले केस असा माणूस बघून मनातल्या मनातही मी अहोजाहो केलं. आवाज मात्र आमच्याकडचा होता. "पाणी" म्हणताना त्यांचा णी अजून मोहगाळीतच होता.

त्यांनी विहिरीवरचा प्रसंग वाचला. त्यात एका म्हातारीची लेक विहिरीत गेलेली आहे आणि म्हातारी शेजारणीला सांगते आहे की मी या विहिरीचं पाणी पिणार नाही, मला ओढ्यावर नेऊन सोड. सगळं आमच्या बोलीत. हा भाग मी वाचनालयात वाचून दाखवला होता तेव्हा बायका पदर तोंडाला लावून उठून गेल्या होत्या. गिरगावात लोक हसले. वाईट मनानं नव्हे. ते शब्द त्यांना गमतीचे वाटले, आणि मोहगाळकरांनाही ते ठाऊक असावं, कारण हशा येईल तिथे ते थांबत होते. मी मागे वळून पाहिलं. फुटपाथवर आमच्यातलं कोणी हसत नव्हतं. तुका आपल्या चपलांकडे बघत होता.

मला तिथे फार एकटं वाटलं. आपली माणसं मेली ती यांना रडवत नाहीत, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

वाचन संपलं. मी नारळावरचा पंचा सोडला आणि उभी राहिले. त्यांच्याजवळ जाऊन, बाजूला नेऊन, शांतपणे बोलायचं असं मी घरून ठरवून आले होते. पण अभ्यंकरांनी माझ्या हातातला हळदकुंकू लावलेला नारळ पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा, गावाकडून सत्कार," ते म्हणाले आणि मला दंडाला धरून टेबलापाशी घेऊन गेले. टेबलाच्या खणातून त्यांनी एक शाल काढली. ही शाल दुकानाचीच. लेखकाच्या खांद्यावर ती कार्यक्रमापुरती राहते आणि नंतर घडी होऊन खणात जाते, असं तुकानं मला मागाहून सांगितलं. शालीबरोबर श्रीफळ लागतं, ते त्या दिवशी आणायचं राहिलं असावं. "मोहगाळीच्या भगिनी आपल्या भूमिपुत्राला श्रीफळ देत आहेत," अभ्यंकर म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या.

मी म्हणाले. मी शपथेवर सांगते, मी म्हणाले, "गावाचं बोलावणं आहे, घ्यावं." पण टाळ्यांत माझंच मला ऐकू आलं नाही. मोहगाळकर हसले, वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला. लगेच दुसऱ्या कोणीतरी त्यांच्यापुढे सहीसाठी पुस्तक धरलं. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, सही केली, पुन्हा नारळ उचलला. गर्दी त्यांना दाराकडे घेऊन गेली. दारात त्यांनी मला पत्ता सांगितला आणि म्हणाले, "उद्या सकाळी घरी या, बाई. गावाकडचं बोलू."

परतताना ट्राममध्ये तुका खूश होता. "घेतला की, अक्का. दोन्ही हातांनी घेतला. मी बघितलं."

"त्यांना कळलं असेल का?"

"मोहगाळीच्या माणसाला न कळायला काय झालं," तुका म्हणाला. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. रात्री रखमानं गोविंदाच्या फोटोपुढे साखर ठेवली, आणि मी तिला थांबवलं नाही.

शिवाजी पार्क

सकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा समोरच्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती आणि कडेनं निवृत्त मंडळी कॅनव्हासचे बूट घालून भराभर चालत होती. कुठे पोचायचं नसताना इतक्या घाईनं चालणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. मोहगाळकरांचं घर पहिल्या मजल्यावर. पंखा, पुस्तकांची कपाटं, बसायला वेताच्या खुर्च्या. त्यांच्या पत्नी दादरच्याच, बोलायला मऊ. माझ्या डोक्याच्या तेलाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते.

आधी गावच्या माणसांची चौकशी झाली. कोण आहे, कोण गेलं. मोहगाळकरांना ओढ्याचं प्रत्येक वळण आठवत होतं, चिंचेखालच्या खडकाचं नाव मी विसरले होते ते त्यांनी सांगितलं. मला बरं वाटायला लागलं. वहिनींनी पोह्यांच्या बश्या आणल्या. वर कोथिंबीर आणि ओलं खोबरं भरपूर. मुंबईत आल्यापासून मी पहिल्यांदा चवीनं खाल्लं. खोबरं गोड होतं, दाताखाली दूध सुटत होतं. मी तसं म्हणालेही.

वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमचाच नारळ. काल यांनी आणला. म्हटलं गावचा आहे, ताजा खावा."

माझा घास तोंडात होता. तो गिळावा की काय करावं ते कळेना. देवघर समोरच होतं, तिथे नारळ नव्हता. मी बशी खाली ठेवली.

मोहगाळकर माझ्याकडे बघत होते. त्यांचा चमचा हातातच राहिला. "बाई," ते म्हणाले, "काल तुम्ही काहीतरी म्हणालात. मला ऐकू आलं नाही."

"गावाचं बोलावणं आहे, असं म्हणाले."

त्यांनी बशीत पाहिलं. चार घास त्यांचेही झाले होते. "शेंडीला कुंकू होतं," ते अगदी हळू म्हणाले. "मी पाहिलं होतं. मला वाटलं, अभ्यंकरांनी लावलं असेल."

वहिनी विचारत होत्या, काय झालं, माझं काही चुकलं का. चुकलं कोणाचंच नव्हतं. म्हणून तर मला रडू आलं. कोणाचं चुकलं असतं तर मी भांडले असते, ते मला येतं.

मग मी सगळं सांगितलं. खोली, खताची पोती, अक्षय तृतीया, पाटलांची अट. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "तेव्हा मला इथून हलता येणार नाही. राज्याच्या समारंभाचं कितीतरी लिखाण माझ्याकडे आहे."

"आधी या. नंतर या. आम्ही वाढदिवस पुढे ढकलू." तसा अधिकार मला नव्हता, पण मी बोलून गेले. "फार बोलू नका. नारळ जनाक्काच्या झाडाचा होता. तिला तुमच्या तोंडून फक्त गोविंदाचं नाव ऐकायचं आहे."

जनाक्काचं नाव ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले.

"तारखेचं नाही, बाई," ते म्हणाले. "जनाक्काच्या हातचं मी लहानपणी जेवलोय. गोविंदा मला ओळखायचा. माझ्या सभांना यायचा, संपल्यावर गर्दीतून येऊन भेटायचा. या समोरच्या मैदानावर मी बोललोय, बेळगाव, कारवार सोडून महाराष्ट्र नाही म्हणून. तो टाळ्या वाजवायचा. आता मी त्याच्या आईपुढे खुर्चीत बसून काय सांगू? मुंबई मिळाली, तुमचं बघू?"

"तसंच सांगा," मी म्हणाले. "तिला खोटं नको आहे. आम्हाला कोणालाच नको आहे. तुम्ही नुसते येऊन बसा."

"मला नाही जमणार."

मला त्या क्षणी त्यांचा तिरस्कार वाटला, आणि तो मी लपवत नाही. इतकी पुस्तकं आमच्यावर लिहिली, आमच्या विहिरीवर गिरगावाला हसवलं, आणि आमच्या एका म्हातारीसमोर बसायचं यांना जमत नाही. पण ते खुर्चीत असे आक्रसून बसले होते की बोलायला तोंड उघडेना. ते उठले, माझ्यासमोर उभे राहिले आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी हात जोडले. नारळ पोटात गेल्यावर हात जोडलेले.

निघताना त्यांनी आपली सगळी पुस्तकं वाचनालयासाठी दिली. वहिनींनी खाली माणूस पाठवून बाजारचा एक नारळ आणवला आणि माझ्या पिशवीत घातला. डोळे पुसत घातला, म्हणून नाही म्हणता आलं नाही. तो मी लालबागला गोविंदाच्या फोटोपुढे ठेवला. तुकानं विचारलं, "हा कुठला?" मी सांगितलं. त्या रात्री रखमानं माझ्या ताटात दही वाढलं आणि म्हणाली, "उद्याच्या गाडीनं जा, अक्का. हितं तुमचं मन लागणार न्हाई."

मोहगाळी

गावात शिरले तेव्हा पाटील पारावर होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "येत नाहीत." त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. त्यांनी पारावर मला जागा करून दिली. मग म्हणाले, "किल्ली सावकाश द्या." दुसऱ्या दिवशीच दिली. आता पुस्तकांची कपाटं माझ्या ओसरीवर आहेत आणि कानडी मास्तरांनी ती उचलून आणायला हात लावला. खोलीत खताची पोती लागली आहेत. देवळात गेलं की वास येतो.

जनाक्काकडे मी आधी नाही गेले. ती स्वतःच संध्याकाळी वाती घेऊन ओसरीवर आली, गोविंदाची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते विचारून घेतलं आणि त्याला टेकून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "दत्तूनं नारळ घेतला म्हणं. तुकाकडचा माणूस गावात आलाय, त्यो सांगत होता."

"घेतला," मी म्हणाले. "पण येणार नाही." आणि काहीही न वगळता तिला सगळं सांगितलं. टाळ्या, शाल, पोहे, जोडलेले हात, तो काय म्हणाला ते. उसाच्या रसाचं दुकान तेवढं सांगितलं नाही.

ऐकताना तिच्या हातातली वात वळून झाली, दुसरी घेतली, तीही झाली. मी वाट बघत होते, रडेल म्हणून, किंवा दत्तूला चार शिव्या घालेल म्हणून. त्यानं मला बरं वाटलं असतं.

"खाल्ला न्हवं त्यानं?" तिनं विचारलं.

"खाल्ला. मीही खाल्ला."

"गोड होता?"

"होता, जनाक्का. खूप गोड होता."

तिनं मान हलवली. "औंदा झाडाला पाणी कमी पडलंय," ती म्हणाली. "मला वाटलं, पानचट निघाला असंल."